अडुळसा : कुंपणावरचे औषध आणि त्याच्या मर्यादा

नाताळाचे गोठे उतरवून ठेवण्याच्या सुमारास आपल्या भागातील बांधांवर, पडक्या घरांच्या परसांत आणि जुन्या विहिरींच्या कडेला एक हिरवेगार झुडूप पांढऱ्या फुलांनी भरू लागते. भोवतालचे गवत पिवळे पडलेले असते, ऊस तुटून गेलेला असतो आणि काजू-आंब्याचा मोहोर अजून पुरता उमललेला नसतो. अशा उघड्या दिवसांत हे झुडूप पानांनी गच्च व फुलांनी डवरलेले दिसते आणि उपवासकाळ संपेपर्यंत फुलतच राहते. हे झुडूप म्हणजे अडुळसा होय. मधमाशीपालन करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण ज्या महिन्यांत मधमाशांना चाऱ्याची चणचण भासू लागते त्या महिन्यांत अडुळसा त्यांच्या उपयोगी पडतो. लहान मुलेही फूल उपटून त्याच्या देठाकडील गोडवा चोखतात. तेवढ्याने काही बिघडत नाही.

अडुळशाला कडू म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्याला न ओळखणारा शेतकरी विरळाच. तरीही खात्रीसाठी खुणा सांगतो. झुडूप पुरुषभर उंचीचे, क्वचित त्याहून उंच होते. पाने समोरासमोर येतात, वीतभर लांब, भाल्याच्या पात्यासारखी, दोन्ही टोकांना निमुळती असतात. पान चुरगाळले की एक उग्र वास येतो आणि तेच पान वाळले की त्याला चहाच्या पत्तीसारखा गंध येतो. फुले फांद्यांच्या टोकाकडे तुऱ्याने येतात. प्रत्येक फुलाला दोन ओठ असतात व खालच्या ओठावर जांभळट-गुलाबी रेघा असतात. फूल बाजूने पाहिले तर जबडा वासलेल्या सिंहासारखे दिसते, म्हणून संस्कृतात त्याला सिंहास्य असे एक नाव आहे. वासा, वासक, आटरूषक ही त्याची आणखी नावे. हिंदीत अडूसा, कानडीत आडुसोगे, गुजरातीत अरडूसी म्हणतात.

गुजरातीचे नाव मुद्दाम सांगितले. बडोद्याकडे आपली पुष्कळ मंडळी राहतात. तिकडे महारुख या मोठ्या झाडालाही 'अरडूसो' म्हणण्याची रीत आहे. महारुख हे उंच वाढणारे, लांब संयुक्त पानांचे झाड. त्याचा आणि अडुळशाचा काही संबंध नाही. बाजारातील वाळक्या पाल्यात महारुखाची पाने मिसळलेली आढळतात ती या नामसाम्यामुळे असोत वा लबाडीने असोत. तेव्हा वाळका पाला विकत घेण्यापेक्षा स्वतःच्या कुंपणावरचे झाड बरे.

तमिळ भाषेत याला आडातोडै म्हणतात. 'आडु' म्हणजे शेळी आणि 'तोडा' म्हणजे न शिवणारी. शेळीसुद्धा ज्याला तोंड लावीत नाही ते झाड, असा त्याचा अर्थ. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दी नावे दिली तेव्हा अडुळशाला 'जस्टिसिया अधातोडा' असे नाव दिले. त्यातील पहिला शब्द जेम्स जस्टिस या स्कॉटिश बागकर्मीच्या सन्मानार्थ आहे. दुसरा मात्र आपल्या दक्षिणेकडच्या शेळ्यांच्या आवडीनिवडीवरून आला. शास्त्रीय नावात इतकी ग्रामीण गोष्ट दडलेली क्वचितच सापडते!

अडुळशाचे घराणेही मोठे आहे. गजऱ्यातील अबोली, कुंपणाची कोरांटी आणि सह्याद्रीच्या उतारावर काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी ही सारी त्याची भावंडे. आपल्या मुंबई प्रांतातील या घराण्याचा शास्त्रशुद्ध धांडोळा एका येशूसंघीय धर्मगुरूने घेतला, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. फादर हर्मेनेजिल्ड सांतापाव हे मूळचे स्पेनचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे ते प्रमुख झाले आणि १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९७० साली त्यांचे मुंबईत निधन झाले. खंडाळ्याच्या डोंगरात हिंडून त्यांनी तेथील वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला तो आजही अभ्यासक उघडून पाहतात. अडुळशाच्या घराण्यावरील त्यांचा प्रबंध १९५१ सालचा आहे. झाडाचे नाव अचूक ठाऊक असणे हे केवळ पंडितांचे काम नव्हे, हे महारुखाच्या उदाहरणावरून दिसून येईलच.

खोकल्यात अडुळसा काय करतो

आपल्याकडे खोकला म्हटला की अडुळसा, ही सांगड फार जुनी आहे. आयुर्वेदात तो खोकला, दमा आणि रक्तपित्त म्हणजे तोंडा-नाकावाटे रक्त जाणे, यांवर सांगितला आहे. वासावलेह व वासासव ही त्याची औषधे वैद्य पिढ्यान् पिढ्या देत आले.

१८८८ साली डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञाने अडुळशाच्या पानांतून एक कडू द्रव्य वेगळे काढले. त्याला व्हॅसिसीन म्हणतात. पुढे विसाव्या शतकात, १९६० च्या दशकाच्या आरंभी, जर्मनीतील औषधशास्त्रज्ञांनी याच द्रव्याच्या घडणीवरून ब्रोमहेक्झिन नावाचे औषध तयार केले. हे ब्रोमहेक्झिन पोटात गेल्यावर शरीरात त्याचे जे रूपांतर होते त्यातील एक द्रव्य म्हणजे अँब्रोक्सॉल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कफ सुटण्याचे औषध लिहिलेले असेल तर बाटलीवरची बारीक अक्षरे वाचून पाहा. या दोहोंपैकी एक नाव पुष्कळदा सापडते. म्हणजे औषधाच्या दुकानातील बाटली आणि आजीच्या परसातील झुडूप यांचे गोत्र एकच निघाले.

या औषधाचे काम असे की, छातीत चिकटून बसलेला घट्ट कफ पातळ होतो आणि खोकून बाहेर टाकणे सोपे जाते. तेव्हा अडुळसा उपयोगी पडतो तो कफ भरलेल्या, घरघर करणाऱ्या खोकल्यात. चुलीच्या धुराने, गुऱ्हाळाच्या भट्टीपाशी बसून किंवा भात मळताना उडणाऱ्या धुळीने जो खोकला येतो त्याला अडुळसा पुरा पडणार नाही. तेथे धूर निघून जाण्यास वाट करणे आणि तोंडाला पंचा बांधणे हाच इलाज. ज्या घरात चूल बिनधुराड्याची आहे त्या घरातील बाई बारा महिने काढे पीत राहते आणि काढ्याला दोष देते, हे काही बरोबर नाही.

आता काढ्याची कृती. प्रौढ माणसासाठी अडुळशाची सात-आठ जून, निरोगी, हिरवी पाने घ्यावीत. कोवळी किंवा पिवळी पडलेली नकोत. ती वाहत्या पाण्यात दोनदा धुवावीत, हाताने तोडून दोन कप पाण्यात घालावीत. सोबत सुंठीचा लहानसा तुकडा आणि आवडत असल्यास चार-पाच तुळशीची पाने टाकावीत. मंद आचेवर पाणी निम्मे होईपर्यंत उकळून गाळून घ्यावे. अर्धे सकाळी व अर्धे रात्री, जेवणानंतर, कोमट असताना घ्यावे. ज्येष्ठमधाची काडी घातली तर कडूपणा कमी होतो. परंतु ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी ज्येष्ठमध टाळावे. चार-पाच दिवसांत गुण दिसला पाहिजे. न दिसल्यास काढ्यात पाने वाढवू नयेत. अडुळसा जास्त झाला की मळमळते, उलटी होते व पोट बिघडते.

ज्यांना अंगरस काढावयाचा आहे त्यांची नेहमीची तक्रार असते की पाने कितीही कुटली तरी रस निघत नाही. ती खरी आहे. अडुळशाचे पान मुळातच कोरडे. म्हणून जुन्या लोकांनी युक्ती काढली. पानांचा गोळा जांभळीच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळून वर चिखलाचा लेप द्यावा, तो निखाऱ्यात खरपूस भाजावा, मग फोडून आतील पाने पिळावीत. याला पुटपाक म्हणतात. निखारे नसतील तर इडलीच्या भांड्यात दहा मिनिटे वाफवून, कुटून, स्वच्छ फडक्यातून पिळले तरी काम भागते. हा रस एक ते दोन चमचे आणि तितकाच मध, दिवसातून दोन वेळा. मधुमेह्यांनी मध घालू नये.

गर्भवतीने अडुळसा घेऊ नये

हे वाक्य घरातील सर्वांना वाचून दाखवावे. व्हॅसिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात यावर पुष्कळ काम झाले आणि प्रसूतीच्या वेळी कळा आणणारे औषध म्हणून त्याचा विचारही झाला. जे द्रव्य कळा आणू शकते ते पोटुशी बाईला खोकल्यासाठी देणे म्हणजे विस्तवाशी खेळ होय. काही भागांत सुइणी बाळंतपणात अडुळसा वापरीत, ते याच गुणामुळे. त्यांना त्याची शक्ती माहीत होती. आपण मात्र 'झाडपाल्याने काय होते' म्हणून निर्धास्त राहतो. गर्भवतीला खोकला झाला तर कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, वाफारा एवढ्यावर भागवावे आणि परिचारिकेला किंवा डॉक्टरला विचारावे. दिवस गेले आहेत की नाहीत याची शंका असली तरी हाच नियम.

लहान मुलांसंबंधीही थोडे लिहावयास हवे, कारण गेल्या काही वर्षांत खोकल्याच्या बाटलीने घरे उजाड झाली आहेत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे दूषित औषध पोटात गेल्याने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. त्यापूर्वी २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात साठांहून अधिक मुलांचे मृत्यू भारतात बनलेल्या अशाच औषधांशी जोडले गेले होते. मुंबईकरांना तर १९८६ साल आठवत असेल. जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण गेले आणि त्याच्या चौकशीस न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. चाळीस वर्षांत विष तेच राहिले, बाटलीवरचे लेबल तेवढे बदलले.

छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देण्यासारखी नाहीत. मुलांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. यावर कोणी म्हणेल, मग बाटलीऐवजी अडुळशाचा काढा देऊ. तर तसेही करू नये. पाच वर्षांखालील मुलाला आपल्या मनाने अडुळसा देऊ नये. त्याच्या वजनाला किती पुरे आणि किती फार हे घरात कोण मोजणार? एक वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा चमचा मध कोमट पाण्यातून द्यावा, घसा निवतो. एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटसुद्धा लावू नये. मधातील एका जंतूमुळे तान्ह्या बाळाला अंग लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. अंगावरचे दूध वरचेवर पाजणे हेच त्याचे औषध.

पण मुलाला न्यूमोनिया आहे काय हे आईला ओळखता आले पाहिजे, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. घड्याळ समोर ठेवून मूल शांत असताना त्याच्या पोटाची वरखाली होणारी हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल दूध ओढत नसेल, ग्लानीत असेल तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये.

पंधरा दिवसांवर खोकला गेला तर

अडुळशाविषयी लिहिताना मनात जी धास्ती आहे ती आता सांगतो. ऊसतोडीहून परतलेला एक तिशीतला तरुण. खोकला होता, संध्याकाळी अंगात कसकस असे. घरच्यांनी अडुळशाचा काढा सुरू केला. कफ सुटू लागला म्हणून सर्वांस बरे वाटले. थुंकीत रक्ताचा धागा दिसला तेव्हा कोणी जाणत्याने सांगितले की अडुळसा रक्त थांबवितो, आणखी महिनाभर घ्या. अशा रीतीने चार महिने गेले. दवाखान्यात आला तेव्हा अंगावर मांस उरले नव्हते आणि घरातील लहान मुलीलाही खोकला लागला होता. तपासणीत दोघांनाही क्षय निघाला. दोघेही पुरे औषध घेऊन बरे झाले, परंतु ते चार महिने कोणीही वाचवू शकले असते. त्यासाठी पैसा लागत नव्हता.

अडुळशाने कफ सुटतो, म्हणजे तात्पुरते हलके वाटते. क्षयाचे जंतू मात्र फुप्फुसात वाढतच राहतात. चांगल्या औषधाचा हा धोका असतो; ते लक्षण झाकून टाकते. म्हणून नियम सोपा ठेवावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणे किंवा थुंकीत रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार निदान सहा महिने चालतो आणि तो मध्येच सोडता कामा नये. उपचार चालू असताना रुग्णाच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ठराविक रक्कम बँक खात्यात जमा होते. २०१८ साली ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. पुष्कळांना या पैशाची माहितीच नसते किंवा खाते नसल्यामुळे तो मिळत नाही. आपल्या धर्मग्रामातील व्हिन्सेंट दि पॉल सभेच्या बंधूंनी घरभेटीच्या वेळी एवढी एक चौकशी केली तरी मोठे काम होईल.

क्षय म्हणताच चेहरा लपविणारी घरे अजून आहेत. मुलीच्या लग्नाची काळजी असते, शेजारी भांडी वेगळी ठेवतील अशी भीती असते. काढा घरातल्या घरात गुपचूप घेता येतो, दवाखान्यात मात्र चारचौघांत रांगेत उभे राहावे लागते. माझ्या मते अडुळशावर लोक चार-चार महिने काढतात त्याचे खरे कारण हे आहे. औषधावरील श्रद्धा त्या मानाने थोडी असते. बेनसिराच्या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात भूमीतून उपजणाऱ्या औषधींचा आणि वैद्याचा असा दोहोंचा मान राखला आहे. आपण त्यांतील एकच अर्धा भाग उचलतो.

लागवड

असो. आता शेताकडे वळू. अडुळसा बियांपासूनही उगवतो, पण आपल्याकडे बी धरण्याचे प्रमाण थोडे आणि फळ तडकून बी उडून जाते. फांद्यांपासून लागवड सोपी व खात्रीची. निदान वर्षाची, पेन्सिलीएवढी जाड, न फुललेली फांदी निवडावी. तिचे वीतभर लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे करावेत. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरपा घ्यावा म्हणजे खालची बाजू ओळखता येते. खालची पाने काढून टाकावीत, वरची दोन अर्धी कापावीत. दोन पेरे मातीत जातील असे पिशवीत किंवा सावलीतल्या वाफ्यात रोवावे आणि माती अंगठ्याने घट्ट दाबावी. माती ओलसर असावी, चिखल नको. महिना-दीड महिन्यात मुळ्या धरतात. वरून पालवी फुटली म्हणजे मूळ धरलेच असे समजून रोप उपटून पाहण्याची घाई पुष्कळजण करतात व रोप मारतात.

मार्च-एप्रिलमध्ये पिशव्या भरल्या तर पहिल्या पावसात रोपे बांधावर जाण्यास तयार होतात. ज्यांना पाणी घालणे जमत नाही त्यांनी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर फांद्या सरळ बांधावरच रोवाव्यात. थोड्या मरतील म्हणून दाट रोवाव्यात. कुंपणासाठी हातभर अंतरावर दोन ओळी, एकीतील रोप दुसरीतील दोन रोपांच्या मधोमध येईल अशा बेताने. जमीन कोणतीही चालते, पाणी तुंबणारी मात्र चालत नाही. खानापूर, चंदगडकडे पाऊस धो धो पडतो, तेथे बांधाच्या माथ्यावरच लावावे, पायथ्याशी लावल्यास मुळ्या कुजतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी मिळाले तर पुढे कोणी विचारले नाही तरी झाड जगते. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेरच्या शहरी वाचकांनी मोठ्या कुंडीत एक रोप लावावे. दोन माणसांच्या घरास तेवढे पुरते.

फुलोरा संपला की एप्रिल-मे महिन्यांत गुडघ्याएवढे ठेवून छाटणी करावी. न छाटल्यास झुडूप खालून उघडे पडते आणि कुंपण म्हणून त्याचा उपयोग राहत नाही, कुत्री आरपार जातात. गुरे-शेळ्या त्याला तोंड लावीत नाहीत हा मोठाच फायदा. दुष्काळात उपाशी जनावर चार पाने ओरबाडते, पण तेथेच थांबते. छाटणीचा पाला फेकू नये. भाताच्या खाचरात चिखलणीच्या वेळी तुडवला तर हिरवळीचे खत होते. काही शेतकरी निंब, निरगुडी, करंजाबरोबर अडुळशाचा पालाही कुजवून त्याचे पाणी भाजीपाल्यावर मारतात. कीड थोडी पळते. तथापि कीड माजल्यावर केवळ यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

आंबे-केळी पिकत घालताना थरांमध्ये अडुळशाची पाने अंथरण्याची पद्धत पुष्कळ घरांत होती. या पानांजवळ बुरशी व किडे सहसा येत नाहीत. आज कार्बाइडच्या पुड्या टाकून फळ पिकविण्यास कायद्याने बंदी असूनही बाजारात तसे फळ येते. निदान घरच्या झाडाचा आंबा तरी पेंढा आणि अडुळसा यांतच पिकू द्यावा.

औषधासाठी पाने तोडताना एक काळजी अवश्य घ्यावी. हल्ली उसाच्या आणि भाताच्या बांधावर तणनाशक मारण्याचा प्रघात पडला आहे. अशा बांधावरचा अडुळसा वरून हिरवा दिसला तरी काढ्यात घालू नये. हमरस्त्याच्या कडेचा, वाहनांच्या धुराने काजळलेला पालाही नको. घरच्या औषधापुरते एक झाड परसात, मोरीच्या सांडपाण्यापासून दूर, वेगळे राखावे. वाळवून ठेवावयाचा असल्यास पाला सावलीत, वाऱ्यावर पसरावा, रोज खालीवर करावा. हिरवटपणा टिकला तर पाला चांगला. काळा पडलेला टाकून द्यावा. साधारण चार-पाच किलो ओल्या पाल्याचा एक किलो वाळका होतो.

औषधी वनस्पतींच्या लागवडीने एकरी अमुक लाख मिळतात असे सांगत हिंडणारे लोक आपल्या गावांतही येतात. अडुळशाच्या बाबतीत त्यांचे ऐकू नये. पाला हलका, भाव बेताचा आणि वाहतूक महाग. खरेदीदाराने लेखी हमी दिल्यावाचून पिकाऊ जमिनीत अडुळसा घालणे शहाणपणाचे नाही. बांधाची जागा त्याची, खाचर भाताचे.

सिस्टरांच्या दवाखान्यामागे जे कुंपण आहे ते शुद्ध अडुळशाचे आहे आणि दरवर्षीप्रमाणे ईस्टरनंतरच्या आठवड्यात ते छाटण्यात येईल. ज्यांना फांद्या हव्या असतील त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर येताना ओले गोणपाट घेऊन यावे. फांद्या त्यात गुंडाळून सावलीत ठेवल्यास दोन दिवस टिकतात. त्यानंतर रोवलेल्या फारशा जगत नाहीत.